ग्रीक देवांचं माणूसपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवांचा राजा झ्यूस, त्याची बायको हेरा, मुलगी अथेना या मंडळींबद्दल बरेच प्रश्न येतात आणि बहुतेकांचा रोख एकच असतो: देव असून हे असे कसे वागतात? त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, पण मधलाच एखादा प्रश्न वाचला तरी काही अडणार नाही.

१. ग्रीक देव माणसासारखे असतात असं सगळे म्हणतात. नेमके कशात?

आधी रूपात. इजिप्तच्या देवांना ससाण्याचं किंवा कोल्ह्याचं डोकं असतं. ग्रीकांचे मोठे देव मात्र नखशिखांत माणूस, फक्त जास्त उंच आणि जास्त देखणे. ऑलिंपियाच्या देवळात फिडियसने घडवलेला सोन्याचा आणि हस्तिदंताचा झ्यूस सिंहासनावर बसलेला होता, तरी त्याची उंची सुमारे १२ मीटर होती. स्ट्राबो या भूगोलकाराने त्यावर शेरा मारला आहे की हा देव उठून उभा राहिला तर देवळाचं छप्पर उचकटेल.

मग स्वभावात. ते रुसतात, चिडतात, पोरांचे लाड करतात, वशिला लावतात, लाच देतात. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या चौदाव्या सर्गात हेराला झ्यूसला झोपवायचं असतं. ती निद्रेच्या देवाला आधी सोन्याचं आसन देऊ करते. तो नाही म्हणतो, कारण मागे एकदा असंच करून तो झ्यूसच्या तावडीतून जेमतेम सुटलेला असतो. मग हेरा एका तरुण देवीशी त्याचं लग्न लावून द्यायचं कबूल करते आणि स्वारी लगेच तयार होते. फक्त आधी हेराला शपथ घ्यायला लावते. (देव शपथेला एवढे का घाबरतात ते प्रश्न ६ मध्ये.)

२. सगळंच माणसासारखं, तर मग देव आणि माणूस यांत फरक काय उरला?

देव मरत नाहीत. हा फरक ऐकायला साधा वाटतो, पण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

होमर हे शरीरापासून सांगतो. देव भाकरी खात नाहीत, द्राक्षाची दारू पीत नाहीत, म्हणून त्यांच्या अंगात रक्त नसतं. त्याऐवजी ‘इकॉर’ नावाचा द्रव वाहतो. ट्रॉयच्या रणात डायोमिडीस हा माणूस ॲफ्रोडाइटीच्या मनगटापाशी भाला मारतो, तेव्हा हाच इकॉर वाहतो. ती रडत आईकडे जाते, आई हात पुसून देते, जखम भरते आणि झ्यूस हसून म्हणतो, पोरी, लढाई हे तुझं काम नव्हे. थोड्याच वेळात अथेनाच्या मदतीने तोच डायोमिडीस खुद्द युद्धदेव आरेसला पोटात जखमी करतो. आरेस नऊ-दहा हजार माणसांच्या आवाजात किंचाळतो, बापाकडे तक्रार घेऊन जातो, बापाची बोलणी खातो, मग वैद्य औषध लावतो, आंघोळ होते आणि तो ऐटीत झ्यूसच्या शेजारी जाऊन बसतो. सर्ग तिथेच संपतो. खाली मैदानात त्याच दिवशी पडलेल्यांची नावं होमर एकेक करून, बापाच्या नावासकट सांगत असतो.

राग तोच, अपमान तोच, मत्सरही तोच. पण देवाला त्याची किंमत मोजावी लागत नाही. ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात ग्रीकांचा सर्वात मोठा योद्धा अकिलीस याने सेनापती आगामेम्नॉनशी भांडण केलं, त्यात हजारो मेले. त्याच सर्गात झ्यूस आणि हेरा भांडतात आणि त्याचा शेवट मेजवानीत, हास्यकल्लोळात आणि एका शय्येवर होतो. शेवटच्या सर्गात अकिलीस ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजाला, प्रायमला, म्हणतो की देवांनी माणसाच्या वाट्याला दुःख विणलं आणि स्वतः मात्र निश्चिंत राहिले. माझ्या मते ग्रीक देवांबद्दल ग्रीक साहित्यातलं हे सर्वात नेमकं वाक्य आहे.

३. बारा देव कोणते आणि कोणाचा स्वभाव कसा? थोडक्यात सांगा.

झ्यूस, हेरा, पोसायडन, डिमीटर, अथेना, अपोलो, आर्टेमिस, आरेस, ॲफ्रोडाइटी, हेफेस्टस, हर्मिस हे अकरा जवळजवळ ठरलेले. बारावी जागा कधी हेस्टियाची, कधी डायोनायससची.

समुद्रदेव पोसायडन दीर्घद्वेषी: होमरच्या ‘ओडिसी’ या दुसऱ्या महाकाव्याचा नायक ओडिसिअस याने त्याच्या मुलाचा डोळा फोडला, तो राग त्याने वर्षानुवर्षं धरला. अपोलो थंड आणि अंतर राखणारा. आर्टेमिस एकटी राहणारी, अपमान अजिबात न सोसणारी. अथेना हिशेबी, आणि तिला हिशेबी माणसंच आवडतात. आरेस दांडगट. झ्यूस त्याला तोंडावर सांगतो की सगळ्या देवांत तूच मला नकोसा आहेस.

हर्मिसबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण तो वाचकांचा लाडका आहे. त्याच्या स्तोत्रात तो पहाटे जन्मतो, दुपारी कासवाच्या पाठीची वीणा बनवतो आणि संध्याकाळी अपोलोच्या ५० गायी चोरतो, त्याही उलट्या चालवत, म्हणजे माग काढणारा उलट्याच दिशेला जाईल. पकडल्यावर म्हणतो, मी कालच जन्मलो, गाय म्हणजे काय हेही मला ठाऊक नाही. झ्यूसला हसू आवरत नाही.

हेस्टिया याच्या अगदी उलट. ती चुलीची देवी, पोसायडन आणि अपोलो दोघांनाही नकार देऊन घरीच राहिलेली. नैवेद्यात पहिला आणि शेवटचा मान तिचा. तिच्या गोष्टी जवळपास नाहीतच. जी कोणाशी भांडत नाही तिच्यावर कवी तरी काय लिहिणार?

४. झ्यूस एवढा बाहेरख्याली आणि हेरा एवढी खाष्ट. देवांच्या राजा-राणीला असं का रंगवलं?

झ्यूसच्या लफड्यांमागे एक व्यवहारी कारण आहे. ग्रीस हा एक देश नव्हता. शेकडो नगरं, प्रत्येकाचं आपलं राजघराणं आणि प्रत्येक घराण्याला आपला मूळपुरुष झ्यूसचा मुलगा हवा. या सगळ्या वंशावळी एकत्र केल्या की बायकांची यादी लांबणारच. ‘इलियड’मध्ये झ्यूस ही यादी हेरालाच ऐकवतो! तिच्यावर भाळून तो म्हणतो, एवढी ओढ मला कोणाचीच वाटली नव्हती, आणि पुढे सात जणींची नावं घेतो. होमरला विनोद कळत होता, याबद्दल शंका नको.

हेराचं खाष्टपण समजून घ्यायला एक प्रसंग पुरे. झ्यूस तिला आठवण करून देतो की एकदा तुझ्या पायांना दोन ऐरणी बांधून, हात सोन्याच्या साखळीने जखडून तुला आकाशात टांगलं होतं. ती विवाहाची देवी आहे आणि तिचा नवराच लग्न पाळत नाही. त्याच्यावर तिचा हात चालत नाही, म्हणून ती इओ, लेटो, सेमिली या त्याच्या प्रेयसींच्या मागे लागते. अन्याय वरून खाली घसरत जातो, तसा. त्यातली सेमिली तर माणूस होती, ती जळून मेली.

देवळांतली हेरा मात्र निराळी. आर्गोस आणि सामोस इथे तिची भव्य देवळं होती आणि खुद्द ऑलिंपियात तिचं देऊळ झ्यूसच्या देवळापेक्षा जुनं आहे. तिथे येणारे लोक मत्सरी बायकोला नव्हे, लग्नाच्या रक्षणकर्तीला हात जोडत होते.

५. देवांना खरं दुःख होतं का? की सगळं नाटकच?

होतं. आणि जिथे होतं तिथे बहुधा जवळपास मृत्यू असतो.

झ्यूसचा मुलगा सार्पेडन मर्त्य होता. तो मरणार हे दिसताच झ्यूस विचारतो, याला उचलून घरी नेऊ का? हेरा म्हणते, ने, पण मग इथल्या प्रत्येकालाच आपापला मुलगा वाचवावासा वाटेल. झ्यूस गप्प होतो आणि पृथ्वीवर रक्ताचे थेंब पाडतो. सार्पेडन मेल्यावर निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ त्याचं शव लिशियाला, त्याच्या माणसांत पोचवतात.

थेटिस ही सागरदेवी. तिचं लग्न तिच्या मर्जीविरुद्ध एका माणसाशी लावलं गेलं, म्हणून तिचा मुलगा अकिलीस अल्पायुषी. मुलगा जिवंत असतानाच ती त्याचा शोक करते. तिचं दुःख माणसाच्या आईसारखंच आहे, फक्त ते कधी संपणार नाही.

धान्याची देवी डिमीटर हिची मुलगी पर्सेफनी मेली नव्हती, पण पाताळात नेली गेली म्हणजे मेल्यातच जमा. डिमीटर अन्न टाकते, म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिसच्या विहिरीपाशी बसते. इयांबी नावाची दासी थट्टामस्करी करते तेव्हा कुठे तिला हसू फुटतं. पण धान्य उगवू द्यायला ती तयार नाही. माणसं उपाशी मेली तर देवांना नैवेद्य कोण देणार, हे ध्यानात आल्यावर झ्यूस नमतो. पर्सेफनीने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा तिसरा भाग ती खाली राहते.

याला एक थंडगार अपवाद आहे. युरिपिडीसच्या इ.स.पू. ४२८ मधल्या ‘हिपॉलिटस’ नाटकात आर्टेमिसचा परमभक्त तिच्यासमोर शेवटचे श्वास घेत असतो. ती म्हणते, मृत्यू पाहणं मला वर्ज्य आहे, आणि निघून जाते. तो म्हणतो, इतका जुना सहवास तू किती सहज सोडून जातेस.

६. देव मरत नाहीत, तर गुन्हा केल्यावर त्यांना शिक्षा काय देणार?

सर्वात कडक शिक्षा खोट्या शपथेची. पाताळातल्या स्टिक्स नदीची शपथ घेऊन ती मोडणारा देव, कवी हेसिओड सांगतो, एक वर्ष श्वासाविना, आवाजाविना पडून राहतो. अँब्रोसिया (देवांचं अन्न) नाही, नेक्टर (देवांचं पेय) नाही. त्यानंतर नऊ वर्षं सभा आणि पंगत बंद. दहाव्या वर्षी परत प्रवेश. न मरणाऱ्याला मरणाच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेणारी ही शिक्षा आहे, आणि पुढचा भाग तर सरळसरळ वाळीत टाकणं.

दुसरी शिक्षा माणसाची चाकरी. अपोलोने सायक्लोप्सना मारलं म्हणून त्याला ॲडमीटस राजाची गुरं राखावी लागली. हा मालक भला निघाला. ट्रॉयच्या लाओमेडॉनकडे मात्र पोसायडनने तटबंदी बांधली, अपोलोने गुरं वळली आणि वर्ष भरल्यावर राजाने मजुरी बुडवली, वर कान कापायची धमकी दिली. पोसायडन ती गोष्ट विसरला नाही.

कैदही होते. ओटस आणि एफिआल्टिस या भावांनी आरेसला काशाच्या रांजणात १३ महिने कोंडलं होतं. हर्मिसने सोडवलं नसतं तर तो संपलाच असता, असं होमर म्हणतो. न मरणारा कसा संपणार, हे तो सांगत नाही.

७. हेफेस्टस लंगडा का? देव तर परिपूर्ण असायला हवा.

हेफेस्टस म्हणजे देवांचा लोहार, हेराचा मुलगा. त्याच्या लंगडेपणाच्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही ‘इलियड’मध्येच सापडतात. पहिल्या सर्गात तो सांगतो की आईची बाजू घेतली म्हणून झ्यूसने पाय धरून भिरकावलं, दिवसभर पडत राहिलो, सूर्यास्ताला लेम्नॉस बेटावर आपटलो. अठराव्या सर्गात तोच सांगतो की लंगडा म्हणून आईनेच फेकलं, थेटिस आणि युरिनोमी यांनी लपवलं, नऊ वर्षं त्यांच्या गुहेत दागिने घडवले.

इतर देव त्याला हसतात, हे खरं. पण तो ते हसणं वापरतो. आई-बापाचं भांडण पेटलेलं असताना तो मुद्दाम लंगडत नेक्टर वाढायला लागतो आणि ताण निवळतो. ‘ओडिसी’त बायको ॲफ्रोडाइटी आरेसबरोबर सापडते तेव्हा अदृश्य जाळं टाकून तो दोघांना पलंगावर जखडतो आणि सगळ्या देवांना बघायला बोलावतो. देव येतात, देवी लाजेने घरीच थांबतात. या वेळी हसू आरेसचं होतं.

८. चोर, खोटारडे, व्यभिचारी देव. मग ग्रीकांना नीती शिकवली कोणी?

देवांचं अनुकरण करा, असं ग्रीक धर्म सांगतच नव्हता. धर्मग्रंथ नव्हता, आज्ञांची यादी नव्हती. देवाला मान द्यायचा, बळी द्यायचा, आपली पायरी ओळखायची. ती ओलांडणाऱ्या नायोबी या राणीने अपोलो-आर्टेमिसची आई लेटो हिच्यापेक्षा मला मुलं जास्त असं म्हटलं, आणि अपोलो-आर्टेमिसने तिची सगळी मुलं मारली.

तरी नीतीचा पहारा अजिबात नव्हता असं नाही. पाहुण्याला फसवणं, शपथ मोडणं, शरण आलेल्याला हाकलणं या गोष्टी झ्यूस खपवून घेत नाही. ‘ओडिसी’च्या सुरुवातीलाच तो वैतागून म्हणतो की माणसं सगळा दोष आम्हाला देतात, पण स्वतःच्या मूर्खपणाने दैवाबाहेरचं दुःख ओढवून घेतात. हे वाक्य झ्यूसच्या तोंडी शोभतं का, ते प्रश्न ४ वाचून ठरवा.

९. नियती मोठी की झ्यूस?

ग्रीकांनी हे कधी पक्कं ठरवलं नाही. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर आणि अकिलीस समोरासमोर येतात तेव्हा झ्यूस सोन्याच्या तराजूत दोघांचं मरण तोलतो. पारडं हेक्टरचं खाली जातं आणि अपोलो त्याला सोडून निघून जातो. सार्पेडनच्या प्रसंगात (प्रश्न ५) मात्र झ्यूस नियती मोडू शकतो असंच दिसतं, फक्त घरचे ऐकून घेणार नाहीत. घराचा कर्ता आणि घराची रीत यांच्यात असतं तसं काहीसं हे नातं आहे.

१०. हे सगळं खुद्द ग्रीकांना खटकत नव्हतं का?

चांगलंच खटकत होतं, आणि फार लवकर. कोलोफोनचा कवी आणि तत्त्वज्ञ झेनोफेनीस इ.स.पू. सहाव्या शतकातला. चोरी, व्यभिचार, फसवणूक, माणसांत जे जे लाजिरवाणं ते सगळं होमर आणि हेसिओड यांनी देवांच्या माथी मारलं, अशी त्याची तक्रार. त्याहून धारदार त्याचं दुसरं निरीक्षण: बैलांना, घोड्यांना, सिंहांना हात असते आणि चित्रं काढता आली असती, तर घोड्यांनी घोड्यांसारखे आणि बैलांनी बैलांसारखे देव काढले असते. थ्रेसच्या लोकांचे देव निळ्या डोळ्यांचे, इथिओपियनांचे काळे आणि बसक्या नाकाचे, हेही त्याने टिपलं.

प्लेटोने आपल्या आदर्श नगरात मुलांना या गोष्टी सांगायलाच बंदी घातली. हेफेस्टसने आईला बांधलं, बापाने त्याला फेकलं, देव एकमेकांशी लढले, सगळं बाद. काहींनी मधली वाट काढली: या गोष्टी रूपकं आहेत, देवांची लढाई म्हणजे पंचमहाभूतांची झुंज. इ.स.पू. ३००च्या सुमारास युहेमेरस म्हणाला, हे मुळात जुने राजेच होते, लोकांनी नंतर त्यांना देव केलं. तत्त्वज्ञ एपिक्युरसने देव ठेवले, पण त्यांना जगाची काही पडलेलीच नाही असं ठरवलं. अकिलीसचं ‘निश्चिंत’ त्याने शेवटापर्यंत नेलं, असं म्हणता येईल.

११. रंगमंचावर देवांची टिंगल चालायची, मग सॉक्रेटिसला का मारलं?

टिंगल किती टोकाची होती ते आधी पाहा. इ.स.पू. ४०५ मध्ये ॲरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ या प्रहसनात दारूचा आणि नाटकाचा देव डायोनायसस भ्याड आहे, घाबरून कपडे घाण करतो, फटके खातो. हे नाटक झालं डायोनायससच्याच उत्सवात. पुढच्या रांगेत त्याचा पुजारी बसलेला असायचा आणि नाटकातला देव त्याला हाक मारतो, पुजारीबुवा, मला वाचवा! नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं.

दहा वर्षं आधी, इ.स.पू. ४१५ मध्ये, सिसिलीवर आरमार निघायच्या तोंडावर एका रात्रीत अथेन्समधल्या हर्मिसच्या शिळा कोणीतरी फोडल्या. शहर हादरलं, धरपकड झाली, मृत्युदंड झाले. देव तोच, ज्याच्या चोऱ्यांवर सगळे हसत.

फरक जागेचा आणि संमतीचा आहे. उत्सवातली थट्टा हा पूजेचाच भाग होता. रात्री गुपचूप मूर्ती फोडणं म्हणजे नगर आणि देव यांच्यातला करार मोडणं. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवरचा आरोपही थट्टेचा नव्हता. नगर ज्या देवांना मानतं त्यांना तो मानत नाही, नवी दैवतं आणतो आणि तरुणांना बिघडवतो, असा तो होता. शिवाय अथेन्स नुकतंच युद्ध हरलं होतं, राजकीय जखमा ताज्या होत्या. त्याच्या मृत्यूला एकट्या देवांना जबाबदार धरता येत नाही.

१२. हेडीस म्हणजे सैतान का?

नाही. तो झ्यूसचा भाऊ. तिघांनी चिठ्ठ्या टाकल्या. आकाश झ्यूसला, समुद्र पोसायडनला, पाताळ त्याला मिळालं. तो दुष्ट नाही, कोणाला मोहात पाडत नाही, फक्त ऐकत नाही. होमर म्हणतो, सर्व देवांत माणसांना तो सर्वाधिक नकोसा, कारण तो वळत नाही.

१३. हे सगळं आपल्या इंद्रासारखंच नाही का?

इंद्र आठवणं स्वाभाविक आहे: आसन जाईल म्हणून धास्तावलेला, वेष पालटून अहल्येकडे गेलेला. पण तिथेच फरकही दिसतो. इंद्राला गौतमाचा शाप बाधतो. ग्रीक कथांमध्ये गौतम नाही. ज्याच्या तपाला देवाने भ्यावं असा माणूस तिथे नाही, त्यामुळे झ्यूसला जाब विचारणारं माणसांमध्ये कोणी नसतं.

दुसरा फरक जिव्हाळ्याचा. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल जात्यावर दळायला बसतो आणि त्याच्याशी भांडताही येतं. ग्रीक देव माणसासारखा असला तरी असा जवळ येत नाही. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका नीतिग्रंथात म्हटलं आहे की कोणी ‘माझं झ्यूसवर प्रेम आहे’ असं म्हणालं तर ते विचित्रच वाटेल. अथेना आणि ओडिसिअस यांची जोडी मात्र याला छेद देते. इथाकाच्या किनाऱ्यावर तो तिला न ओळखता धडधडीत खोटं सांगतो. ती हसते, हाताने त्याला कुरवाळते आणि म्हणते, तू माणसांत लबाड, मी देवांत.

१४. महाराष्ट्रात एखादा ग्रीक देव पाहायला मिळेल का?

मिळेल, कोल्हापुरात. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर काशाच्या वस्तूंचा साठा सापडला, त्यात पोसायडनची छोटी मूर्ती होती. सातवाहन काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून ती आली, असं मानलं जातं. कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात ती आहे. हातातलं त्रिशूळ राहिलेलं नाही, त्यामुळे पाटी न वाचता गेलात तर एखादा दाढीवाला पहिलवान समजून पुढे निघून जाल.